जुने ऑटोमॅटिक घड्याळ : ओळख आणि पारख

विद्यार्थी मित्रांनो, ज्याला रोज चावी द्यावी लागत नाही आणि ज्यात बॅटरीही नाही, असे मनगटी घड्याळ तुम्ही पाहिले आहे का? घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाच्या कपाटात, रुमालात गुंडाळून ठेवलेले असे घड्याळ असण्याचा बराच संभव आहे. त्याच्या तबकडीवर बहुधा ‘ऑटोमॅटिक’ हा शब्द असतो. ते हातात घेऊन हलके हलवले, की आत काहीतरी जड वस्तू गोल फिरल्याचे जाणवते आणि थांबलेला सेकंदकाटा पुन्हा चालू लागतो.

यांपैकी जी घड्याळे पातळ, गोल, साध्या तबकडीची व चामडी पट्ट्याची असतात, त्यांना आपण ‘पोशाखी’ घड्याळे म्हणू. लग्नसमारंभात किंवा सभेला जाताना ती वापरली जात, आणि सदऱ्याच्या बाहीखाली सहज सरकावीत म्हणून ती पातळ केली जात. वेळ पाहण्यासाठी त्यांची आज फारशी गरज उरलेली नाही. पण ती हौसेने जमवणारे लोक जगभर आहेत. मागणी आली की नक्कलही येते. त्यामुळे निरनिराळ्या घड्याळांचे भाग जोडून तयार केलेली आणि नवे नाव रंगवलेली घड्याळे बाजारात पुष्कळ दिसतात. याच्या उलट, घरातले अस्सल घड्याळ ‘नव्यासारखे’ करून आणण्याच्या हौसेपायी कायमचे बिघडवले जाते.

ही दोन्ही नुकसाने टाळण्याचा मार्ग एकच आहे. तबकडीवरील नावावर विसंबून न राहता, एकमेकांपासून स्वतंत्र असे पुरावे गोळा करायचे आणि ते परस्परांशी जुळतात का हे पाहायचे. प्रयोगशाळेत आपण हेच करतो. या लेखात प्रथम हे घड्याळ कसे चालते ते पाहू, मग ते कसे ओळखावे आणि शेवटी कसे जपावे याचा विचार करू.

ऊर्जा येते कोठून?

कोणत्याही यांत्रिक घड्याळात ऊर्जेचा साठा म्हणजे पोलादी पट्टीची गुंडाळलेली मुख्य स्प्रिंग. ती ‘बॅरल’ नावाच्या दातेरी डबीत असते. चावी देताना आपण स्प्रिंग आवळतो, म्हणजे तिच्यात स्थितिज ऊर्जा साठवतो. स्प्रिंग सैल होत जाते तशी ही ऊर्जा चाकांच्या मालिकेतून काट्यांकडे आणि बॅलन्स चाकाकडे जाते. बॅलन्स चाक आणि त्याला जोडलेली केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग ही जोडी म्हणजे घड्याळाचा लंबकच होय.

ऑटोमॅटिक घड्याळात ही चावी देण्याचे काम एक अर्धवर्तुळाकार जड वजन करते. त्याला ‘रोटर’ म्हणतात. रोटरचा गुरुत्वमध्य त्याच्या आसावर नसून बाजूला असतो. मनगट वळले की घड्याळाची बाहेरची डबी वळते, पण रोटरची जड बाजू गुरुत्वाकर्षणामुळे खालीच जाऊ पाहते. हात झटकन हलला तर जडत्वामुळेही रोटर मागे राहतो. दोन्ही प्रसंगी डबीच्या संदर्भात रोटर फिरतो, आणि दातेरी चाकांतून ही गती बॅरलपर्यंत पोहोचून स्प्रिंग थोडी थोडी आवळली जाते.

ही ऊर्जा किती असते याचा अंदाज आपण काढू. हिशेबासाठी असे धरू की, पूर्ण आवळलेल्या स्प्रिंगमध्ये ०.३५ ज्यूल ऊर्जा आहे आणि तिच्यावर घड्याळ ४० तास चालते. शंभर ग्रॅमचे एक सफरचंद ३५ सेंटिमीटर वर उचलण्यास जवळजवळ एवढीच ऊर्जा लागते! ४० तास म्हणजे १,४४,००० सेकंद. तेव्हा घड्याळाला लागणारी शक्ती झाली सुमारे २.४ मायक्रोवॅट. एक वॉटच्या लहानशा दिव्याला जेवढी शक्ती लागते, तेवढ्यात अशी चार लाख घड्याळे चालतील.

आता रोटरकडे पाहू. त्याचे वस्तुमान ४ ग्रॅम आणि आसापासून गुरुत्वमध्याचे अंतर ८ मिलिमीटर धरा. जड बाजू सर्वांत वरून सर्वांत खाली आली, तर गुरुत्वमध्य १६ मिलिमीटर खाली येतो. ‘वस्तुमान × गुरुत्वत्वरण × उंची’ या सूत्राने मिळणारी ऊर्जा : ०.००४ × ९.८ × ०.०१६ = सुमारे ०.०००६ ज्यूल. घड्याळाला दिवसाला सुमारे ०.२१ ज्यूल ऊर्जा हवी. म्हणजे काहीही वाया गेले नाही, तर साडेतीनशे वेळा वजन खाली आले की दिवसाची बेगमी झाली. प्रत्यक्षात घर्षणात व दात्यांमधील फटींत बरीच ऊर्जा वाया जाते आणि मनगटाचे बहुतेक झोके अर्धवटच असतात. म्हणून याच्या काही पट झोके लागतात. तरीही दिवसभरात आपला हात इतक्या वेळा हलतो की हे सहज साधते.

एक शंका तुमच्या मनात आली असेल. दिवसभर रोटर स्प्रिंग आवळतच राहिला, तर ती तुटणार नाही का? नाही, कारण या घड्याळात स्प्रिंगचे बाहेरचे टोक बॅरलला पक्के जोडलेले नसते. ते बॅरलच्या भिंतीवर दाबून बसलेले असते आणि ताण ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की घसरते. हा मुद्दा ध्यानात ठेवा. ओळख पटवताना तो उपयोगी पडणार आहे.

खिशातून मनगटावर

आपोआप चावी बसणाऱ्या घड्याळाची कल्पना बरीच जुनी आहे. स्वित्झर्लंडमधील ल लोक्ल या गावच्या अब्राम-लुई पेरले या कारागिराने अठराव्या शतकाच्या आठव्या दशकात अशी खिशातली घड्याळे तयार केली होती. पण ती रूढ झाली नाहीत. कारण उघड आहे. कोटाच्या खिशात घड्याळ उभे आणि जवळजवळ स्थिर असते, तर मनगट दिवसभर सर्व दिशांना वळत असते. ही युक्ती फळाला यायची तर घड्याळ खिशातून मनगटावर यावे लागणार होते, आणि ते पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मोठ्या प्रमाणावर आले.

जॉन हारवुड या इंग्रज घड्याळजीने १९२३ साली आपल्या ऑटोमॅटिक मनगटी घड्याळाच्या स्विस पेटंटसाठी अर्ज केला आणि १९२४ साली ते त्याला मिळाले. चावीच्या छिद्रातून धूळ व ओल आत शिरते, हे त्याने पाहिले होते. म्हणून त्याने चावीच काढून टाकली. काटे फिरवण्यासाठी काचेभोवतीचे कडे फिरवावे लागे. त्याच्या घड्याळातील वजन पूर्ण फिरत नसे; दोन्ही बाजूंच्या लहान स्प्रिंगांवर आपटून ते परत येई. इंग्रजीत अशा यंत्रणेला ‘बंपर’ म्हणतात. हारवुडची कंपनी १९३१ साली जागतिक मंदीच्या काळात बंद पडली, पण कल्पना टिकली.

१९३१ साली रोलेक्स कंपनीने पूर्ण ३६० अंशांत फिरणारा रोटर आणला. तो एकाच दिशेने फिरताना स्प्रिंग आवळत असे. १९४२ साली फेल्सा या स्विस कंपनीने दोन्ही दिशांच्या फिरण्याचा उपयोग करून घेणारी रचना बाजारात आणली. प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह एकाच दिशेला वळवणारा रेक्टिफायर तुम्ही अभ्यासला असेल. येथे तेच काम दातेरी चाके करतात. १९४८ साली एटर्ना कंपनीने रोटर पाच सूक्ष्म गोळ्यांच्या बेअरिंगवर बसवला आणि घर्षण कमी केले. १९५० नंतरच्या दशकात ब्यूरेन आणि युनिव्हर्सल या कंपन्यांनी लहान रोटर यंत्राच्या जाडीतच बसवला, त्यामुळे पोशाखी घड्याळे आणखी पातळ झाली. जपानच्या सैको कंपनीने १९५९ साली थोडक्या भागांत दोन्ही दिशांची गती वापरणारी ‘मॅजिक लिव्हर’ ही सोपी यंत्रणा आणली. याच कंपनीने २५ डिसेंबर १९६९ रोजी पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले, आणि पुढील दहा-पंधरा वर्षांत यांत्रिक घड्याळांचे राज्य संपले.

हा इतिहास केवळ पाठांतरासाठी नाही. घड्याळाचे वय सांगणारी ही मोजपट्टी आहे. ‘१९३५ सालचे’ म्हणून दाखवलेल्या घड्याळात दोन्ही दिशांनी चावी देणारा, गोळ्यांच्या बेअरिंगवरचा रोटर निघाला, तर ते साल चुकीचे आहे असे तुम्ही खात्रीने म्हणू शकता.

ठोके मोजा

घड्याळ न उघडता करता येण्यासारखी पहिली परीक्षा कानाची आहे. बॅलन्स चाक एकदा इकडून तिकडे गेले की एक ‘टिक’ होते. म्हणजे एका पूर्ण दोलनात दोन ठोके पडतात. जुन्या घड्याळांत ताशी १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला ५, ही संख्या सर्वसामान्य होती. तेथे दोलनकाल ०.४ सेकंद होतो. नंतर १९,८०० (सेकंदाला साडेपाच), २१,६०० (सेकंदाला ६) आणि २८,८०० (सेकंदाला ८) ठोक्यांची घड्याळे आली. क्वार्ट्झ घड्याळाचा सेकंदकाटा बहुधा सेकंदातून एकदाच उडी मारतो. यांत्रिक घड्याळाचा काटा मात्र लहान लहान पावले टाकत जवळजवळ सरकतो.

शांत खोलीत घड्याळ रिकाम्या लाकडी पेटीवर ठेवा आणि मोबाइलवर त्याचा आवाज १० सेकंद मुद्रित करा. तो संथ गतीने ऐकून ठोके मोजा. ५० आले तर घड्याळ १८,००० चे. ५५ आले तर १९,८०० चे. अमुक यंत्राचे ठोके किती हे कंपनीच्या माहितीत दिलेले असते. तुमची मोजणी त्याच्याशी जुळली नाही, तर आतले यंत्र वेगळे असण्याची शंका घ्यावी.

अचूकपणाचाही विचार येथेच करू. दिवसाचे सेकंद ८६,४००. घड्याळ दिवसाला १० सेकंद पुढे गेले, तर चूक झाली ८,६४० मध्ये १, म्हणजे ०.०१२ टक्क्यांहूनही कमी. शाळेच्या प्रयोगशाळेत इतके अचूक मापन तुम्हाला क्वचितच साधेल! पन्नास-साठ वर्षांचे घड्याळ दिवसाला १५-२० सेकंद चुकले म्हणून त्याला टाकाऊ समजू नये.

चार साक्षीदार

न्यायालयात एकाच साक्षीदारावर निकाल देत नाहीत. जुन्या घड्याळाचे चार साक्षीदार असतात : चावी व रोटर, तबकडी, बाहेरची डबी (घड्याळजी तिला ‘केस’ म्हणतात) आणि आतले यंत्र (घड्याळजींच्या भाषेत ‘मशीन’).

पहिला साक्षीदार चावी व रोटर. घड्याळ कानाजवळ धरून सावकाश कलते करा. मोकळा रोटर घरंगळत पूर्ण फिरतो. बंपर असेल तर वजन दोन्हीकडे थडकल्याचा हलका धक्का बोटांना जाणवतो. चावीने स्प्रिंग आवळून पाहिली तर हातचावीच्या घड्याळात शेवटी चावी अडते. तेथे जोर करू नये. ऑटोमॅटिकमध्ये मात्र ती अडत नाही, कारण स्प्रिंगचे टोक घसरते. काही ऑटोमॅटिक घड्याळांत हाताने चावी देण्याची सोयच नसते, हेही लक्षात असू द्या. तबकडीवर ‘ऑटोमॅटिक’ लिहिले आहे, पण आत काही फिरत नाही आणि चावी अडते, असे झाले तर तबकडी दुसऱ्या घड्याळाची आहे किंवा तिच्यावर खोटे रंगवलेले आहे.

दुसरा साक्षीदार तबकडी. सर्वांत बोलका आणि सर्वांत कमी विश्वासाचा! कारण तबकडी पुन्हा रंगवणे सोपे असते. भिंगातून अक्षरे पाहा. मूळ छपाईत अक्षरांच्या कडा रेखीव आणि अंतरे समान असतात. पुन्हा रंगवलेल्या तबकडीत अक्षरे जाड-बारीक होतात, मिनिटांच्या रेषा धातूच्या खुणांच्या बरोबर समोर येत नाहीत, आणि सहाच्या आकड्याखालील ‘स्विस’ हा बारीक शब्द कित्येकदा गाळला जातो किंवा भलतीकडे पडतो. साठ वर्षांच्या घड्याळाची तबकडी कालच्या ताटलीसारखी लखलखीत असेल, तर आनंदण्याऐवजी सावध व्हावे.

तिसरा साक्षीदार केस. ती सोन्याची, सोन्याचा मुलामा दिलेली की पोलादी? १८ कॅरटच्या सोन्यात हजार भागांत ७५० भाग शुद्ध सोने असते, १४ कॅरटमध्ये ५८५. १९९५ पूर्वीच्या स्विस केसवर १८ कॅरटसाठी हेल्वेशिया देवीच्या मुखाचा आणि १४ कॅरटसाठी खारीचा सूक्ष्म शिक्का आढळतो. ‘२० मायक्रॉन’ असे लिहिले असेल तर तो मुलामा होय. २० मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. पट्ट्याच्या कड्यांजवळ तो झिजून खालचा धातू दिसू लागतो. आर्किमिडीजची युक्तीही येथे चालते. १८ कॅरटच्या पिवळ्या सोन्याची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १५.५ ग्रॅम, तर पोलादाची सुमारे ८ ग्रॅम. मात्र हा प्रयोग यंत्र व काच काढलेल्या रिकाम्या केसवरच, तोही जाणकाराकडून करवून घ्यावा. घड्याळ पाण्यात बुडवण्याचा उद्योग कोणी करू नये!

चौथा आणि सर्वांत भरवशाचा साक्षीदार मशीन. मागचे झाकण घड्याळजीकडूनच उघडवून घ्यावे. आत कंपनीचे नाव, यंत्राचा प्रकार-क्रमांक (त्याला ‘कॅलिबर’ म्हणतात), खड्यांची संख्या आणि बहुधा अनुक्रमांक कोरलेला असतो. खडे म्हणजे कृत्रिम माणके; चाकांचे आस त्यांच्यावर टेकल्याने घर्षण व झीज कमी होते. झाकणाच्या आतल्या बाजूला केसचा क्रमांक असतो. हे सर्व लिहून घ्यावे आणि छायाचित्रे काढावीत.

एक उदाहरण

आता चौघांची साक्ष एकत्र कशी तपासायची ते एका प्रसिद्ध घड्याळावर पाहू. ओमेगा कंपनीने १९५२ साली ‘कॉन्स्टेलेशन’ हे पोशाखी ऑटोमॅटिक घड्याळ बाजारात आणले. त्याच्या मागील झाकणावर वेधशाळेचे चित्र आणि वर आठ तारे असतात. तबकडीवरही एक लहान तारा असतो. सुरुवातीच्या घड्याळांत बंपर यंत्र होते. १९५० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून पूर्ण फिरणारा रोटर आला, आणि दशकाच्या अखेरीस ५५१ व ५६१ ही कॅलिबरे आली. या दोन्हींत २४ खडे आहेत आणि ठोके ताशी १९,८००. फरक असा की ५६१ मध्ये तारीख दाखवण्याची सोय आहे, ५५१ मध्ये नाही.

कॉन्स्टेलेशन हे ‘क्रोनोमीटर’ होते, म्हणजे अधिकृत परीक्षेत उतरलेले घड्याळ. अशी परीक्षा घड्याळ पाच निरनिराळ्या स्थितींत आणि वेगवेगळ्या तापमानांत ठेवून घेतात. का बरे? बॅलन्स चाकाचा गुरुत्वमध्य आसापासून किंचित जरी सरकलेला असला, तरी घड्याळ उभे धरल्यावर गुरुत्वाकर्षणामुळे दोलनकाल बदलतो; आडवे ठेवल्यावर हा परिणाम नाहीसा होतो. तापमानाने हेअरस्प्रिंगची स्थितिस्थापकता बदलते. या दोषांची दुरुस्ती केल्याची नोंद, म्हणजे ‘पाच स्थितींत व तापमानात जुळवलेले’ या अर्थाचे इंग्रजी शब्द, ५५१ व ५६१ यंत्रांवर कोरलेले असतात.

याच कुटुंबातील ५५२ आणि ५६२ ही यंत्रे ओमेगाच्या क्रोनोमीटर नसलेल्या घड्याळांत वापरली जात. वरवर पाहता भावंडे अगदी सारखी. आता समजा, तबकडीवर ‘कॉन्स्टेलेशन’ आहे, झाकणावर वेधशाळा आहे, पण यंत्रावर ५५२ कोरले आहे. तीन साक्षीदार एक सांगतात आणि चौथा वेगळे. येथे बहुमताने निर्णय करायचा नसतो. तबकडी आणि झाकण बदलता येते. तेव्हा हे घड्याळ जोडजमव केलेले आहे, हाच तर्क योग्य ठरतो. तसेच यंत्र ५५१ आणि तबकडीला तारखेची खिडकी असेल, तरी काहीतरी चुकले आहे, कारण त्या यंत्रात तारखेची चकतीच नाही. ओमेगाची कोणतीच खूण ज्याला ठाऊक नाही असा माणूसही, क्रमांकांची नोंद करून तक्त्याशी ताडण्याची शिस्त पाळली तर या निष्कर्षाला पोहोचेल.

चकाकणाऱ्या काट्यांची गोष्ट

काही घड्याळांच्या काट्यांवर अंधारात चमकणारा लेप असतो. जुन्या काळी या लेपात रेडियम असे. रेडियममधून निघणारे किरण झिंक सल्फाइडवर आदळत आणि प्रकाश निघे. रेडियमचा अर्धायुकाल सुमारे १,६०० वर्षे आहे. म्हणजे ८० वर्षांनंतरही जवळजवळ ९७ टक्के रेडियम शिल्लक असते. निकामी झालेले असते ते झिंक सल्फाइड. तेव्हा ‘चमकत नाही, म्हणजे धोका नाही’ हा समज चुकीचा आहे. असा लेप खरवडू नये, त्याची पूड श्वासात वा पोटात जाऊ देऊ नये, आणि अशा घड्याळाचे झाकण किंवा काच घरी उघडू नये. १९६० नंतर रेडियमच्या जागी ट्रिटियम आले. त्याचा अर्धायुकाल सुमारे १२.३ वर्षे. ट्रिटियम असल्याची खूण म्हणून तबकडीच्या तळाशी ‘स्विस’ शब्दाजवळ रोमन ‘टी’ हे अक्षर छापलेले असते. हेही वय सांगणारे एक चिन्हच होय.

नवे करू नका, जपा

जुन्या, अस्सल पण मिळमिळीत झालेल्या तबकडीला संग्राहक चमकदार रंगवलेल्या तबकडीपेक्षा अधिक मोल देतात. यात विचित्र काही नाही. ताम्रपटावरची अक्षरे पुसट झाली म्हणून कोणी ती नव्याने कोरत नाही. तबकडी रंगवली, केस घासून गुळगुळीत केली, की शिक्के आणि कडा जातात. म्हणजे साक्षीदारांची जीभच कापली जाते, आणि ती पुन्हा जोडता येत नाही.

आपल्याकडे याचे महत्त्व विशेष आहे. मुंबईच्या बाजारात जुनी घड्याळे दुरुस्त करून, तबकड्या रंगवून विकण्याचा उद्योग मोठा आहे. इतका, की परदेशी संग्राहकांच्या बोलण्यात अशा भडक रंगवलेल्या घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ हे नाव पडले आहे. यात कारागिरांच्या हातातील कसबाला कमी लेखण्याचे कारण नाही. बंद पडलेले घड्याळ चालू करणे ही मोठीच विद्या आहे. दोष आहे तो रंगवलेली वस्तू मूळची म्हणून विकण्यात.

संग्रह करायचा तर परदेशी किमती घड्याळांच्या मागे लागण्याची गरज नाही. एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोर येथे १९६१ पासून मनगटी घड्याळे तयार केली. ‘जनता’ हे तिचे हातचावीचे घड्याळ घरोघरी पोहोचले. त्याच्या काही तबकड्यांवर नाव देवनागरीत आहे. ‘कांचन’ हे सोनेरी ऑटोमॅटिक घड्याळ जावयाला देण्याची भेट म्हणून गाजले. २०१६ साली केंद्र सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. घरातील असे एखादे घड्याळ, ते कोणी, कोणाला, केव्हा दिले या माहितीसह एका वहीत नोंदवणे, ही संग्रहाची उत्तम सुरुवात आहे. जोडीला पावती किंवा मूळ पेटी असेल तर ती टाकू नये.

जपणुकीचे नियम थोडे आहेत. वर्षानुवर्षे पडून असलेले घड्याळ हलवून सतत चालवू नये. आतले तेल घट्ट झालेले असते आणि कोरड्या आसांची झीज होते. आधी ते जाणत्या घड्याळजीकडून साफ करून तेल घालून घ्यावे आणि ‘तबकडीला व केसला हात लावू नका’ असे स्पष्ट सांगावे. काढलेला प्रत्येक जुना भाग परत मागून घ्यावा. झाकणावर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेले असले तरी रबरी कडी कडक झालेली असतात. पाण्यापासून दूर ठेवावे. ध्वनिवर्धकासारख्या चुंबकाजवळ ठेवू नये; हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटले की घड्याळ भलतेच पुढे धावू लागते.

स्वाध्याय

१. ताशी २१,६०० ठोके देणाऱ्या घड्याळाच्या बॅलन्स चाकाचा दोलनकाल किती?

२. एका रिकाम्या केसचे वजन हवेत ९.३० ग्रॅम आणि पाण्यात ८.७० ग्रॅम भरले. तिची घनता काढा. ती पोलादी असेल का?

३. ट्रिटियमचा लेप लावल्याला ६१.५ वर्षे झाली. मूळच्या किती भाग ट्रिटियम उरले असेल?

४. ‘१९४० सालचे ऑटोमॅटिक’ म्हणून एक घड्याळ तुमच्यासमोर आले. तबकडीवर ‘टी’ अक्षर आहे आणि मोकळा रोटर दोन्ही दिशांनी स्प्रिंग आवळतो. तुमचा निष्कर्ष काय? प्रत्येक पुरावा वेगळा लिहा.

शिक्षकांसाठी सूचना : चौथ्या प्रश्नावर वर्गात गटागटाने चर्चा घ्यावी. कोणता पुरावा बदलता येण्यासारखा आहे आणि कोणता नाही, हे विद्यार्थ्यांकडून वदवून घ्यावे.

उत्तरे : (१) एक-तृतीयांश सेकंद. (२) दर घन सेंटिमीटरला १५.५ ग्रॅम, पोलादी नाही, १८ कॅरट सोन्याशी जुळते. (३) पाच अर्धायुकाल, म्हणून ३२ वा भाग. (४) रोटरची रचना १९४२ किंवा त्यानंतरची आणि ट्रिटियमची खूण १९६० नंतरची. तबकडी मागाहून बदलली असे मानले तरी यंत्र १९४० चे ठरत नाही.